गाभण डुकरीण : विण्यापूर्वीचे पंधरा दिवस

डुकरें पाळण्याचा विषय निघाला कीं आपल्यांतील कांहीं मंडळी पान उलटतात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांस आमचा आग्रह नाहीं. परंतु गोव्यांत व गोव्याच्या सीमेलगतच्या कोंकणांत अशीं पुष्कळ घरें आहेत, कीं जेथें परसांत एखादी डुकरीण असते आणि घरचा सणासुदीचा किंवा मुलांच्या शाळेचा खर्च तिच्या वितावर अवलंबून असतो. म्हैस वर्षा-दीड वर्षानें एक रेडकूं देते. चांगली डुकरीण वर्षांतून दोनदां विते आणि दर वितास आठ-दहा पिल्लें देते. हें ऐकून नवीन माणूस मनांतल्या मनांत सोळा-वीस पिल्लांचा हिशेब मांडतो, आणि तेथेंच तो फसतो. जन्मलेलीं पिल्लें व दूध तुटेपर्यंत जगलेलीं पिल्लें हे दोन निरनिराळे आकडे असून त्यांमधील तूट बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच पडते. या दिवसांत मरणारीं पिल्लें रोगानें फारशीं मरत नाहींत. आईच्या अंगाखालीं चिरडून, गारठून व उपाशी राहून मरतात. या तिन्ही कारणांचा बंदोबस्त ती विण्यापूर्वींच्या पंधरा दिवसांत करावयाचा असतो. व्याल्यावर धांवपळ करून तो होत नाहीं.

हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं. आमच्या घरच्या पहिल्या डुकरिणीचें पहिलें वीत श्रावणांत व्हावयाचें होतें. नर व मादी एकाच आवारांत मोकळीं असल्यामुळें ती कोणत्या दिवशीं फळली हें कोणीं पाहिलें नव्हतें. जो दिवस आमच्या दृष्टीस पडला तो धरून आम्हीं मोजणी केली आणि अजून आठवडा अवकाश आहे अशा समजुतींत राहिलों. जुन्या गोठ्याचा एक कोपरा झाडून तेथें पेंढा टाकला होता, एवढीच काय ती तयारी. एका रात्रीं पाऊस कोसळत असतां ती व्याली. पहाटे कंदील घेऊन गेलों तों भिंतीच्या कडेला तीन पिल्लें चपटीं होऊन पडलेलीं, दोन मोरीच्या ओल्या चरांत गारठून ताठलेलीं, आणि चार जिवंत. नऊ-दहा पिल्लांच्या विक्रीवर पेरणीच्या वेळचें देणें फेडावयाचें आम्हीं ठरविलें होतें. तें चारांवर फिटलें नाहीं. डुकरिणीस दोष देण्यांत अर्थ नव्हता. शंभर-सव्वाशें किलो वजनाचें जनावर अंधारांत, अरुंद जागीं, थकलेल्या अंगानें खालीं बसतें; त्याच्याखालीं एक किलोचा जीव सांपडला तर त्याला तें कळावें कसें?

तेव्हां पहिली तयारी ती दिवस मोजण्याची. डुकरीण साधारणतः ११४ दिवस गाभण असते. दोन-तीन दिवस मागेंपुढें होतात. इंग्लंडांतील शेतकरी हा काळ ‘तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस’ असा लक्षांत ठेवीत आले आहेत. ही खूण आपणांसही सोयीची आहे. १ मे रोजीं नर दाखविला असेल तर ती २३ ऑगस्टच्या सुमारास विणार. माज दर २१ दिवसांच्या अंतरानें येतो. नर दाखविल्यावर तीन आठवड्यांनीं पुन्हा माज आला नाहीं तर ती गाभण राहिली असें समजण्यास हरकत नाहीं. आला तर नर पुन्हा दाखवावा आणि पहिली तारीख खोडून दुसरी धरावी. अर्थात् हें साधण्यास नर वेगळा कोंडलेला पाहिजे. आमच्यासारखा तो मोकळा सोडल्यास सारी मोजणी अंदाजाची होते. तारीख वहींत लिहावीच, पण गोठ्याच्या भिंतीवरही कोळशानें ठळक लिहावी. वही पेटींत राहते, भिंत रोज दिसते. या तारखेच्या खालीं तिच्या चौदा दिवस आधींची तारीख लिहावी. वरील उदाहरणांत ती ९ ऑगस्ट येईल. खरें काम त्या दिवशीं सुरू होतें.

त्या दिवशीं प्रथम जंतांचें औषध द्यावें. आईच्या विष्ठेंतून जंतांचीं अंडीं जमिनीवर पडतात व तींच पिल्लांच्या पोटांत जातात. औषध कोणतें व किती, हें पशुवैद्यास जनावराचें वजन सांगून ठरवून घ्यावें; गाभण जनावरास शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषध देऊं नये. तिच्या कानांच्या मागें, कांखेंत व जांघेंत उवा किंवा खरजेचे खवले आहेत कीं काय तेंही त्याच वेळीं पहावें. आईची खरूज पिल्लांस पहिल्याच दिवशीं लागते.

आतां जागा. विण्याची खोली वेगळी असावी. सुमारें आठ फूट रुंद व दहा फूट लांब एवढी एका डुकरिणीस पुरे. भुई घट्ट असावी पण गुळगुळीत नसावी, कारण घसरणारी डुकरीण धाडकन बसते. उतार एका बाजूस काढावा आणि पाणी वाहून नेणारा चर खोलीच्या बाहेर ठेवावा. आमचीं दोन पिल्लें खोलींतल्या चरांतच गेलीं. खोली रिकामी असतांनाच खरवडून, सोडा घातलेल्या कढत पाण्यानें घासून घ्यावी, भिंतींस चुना द्यावा आणि चार-पांच दिवस कोरडी होऊं द्यावी. कोंकणच्या पावसाळ्यांत चार दिवसांत भिंत वाळत नाहीं हें खरें आहे. म्हणूनच चौदा दिवस आधीं आरंभ करावयाचा.

या खोलींतील सर्वांत महत्त्वाची वस्तु म्हणजे भिंतीलगतची आड. डुकरीण खालीं बसण्याची एक रीत आहे, ती ज्यानें लक्षपूर्वक पाहिली नाहीं त्यास आडीचें महत्त्व कळणार नाहीं. ती प्रथम पुढचे गुडघे टेकते, मग कूस भिंतीला लावते आणि भिंतीवरून घसरत मागचें अंग खालीं सोडते. पिल्लें उबेसाठीं व सडांसाठीं नेमकीं तिच्या कुशीशीं आलेलीं असतात. तीं भिंत व पाठ यांच्यामध्यें सांपडतात. यासाठीं भिंतीपासून आठ ते दहा इंच आंत आणि भुईपासून आठ ते दहा इंच उंच अशी एक आडवी नळी तिन्ही-चारी भिंतींलगत बसवावी. डुकरीण मग नळीला टेकून बसते आणि नळीमागच्या पोकळींत पिल्लूं बचावतें. आम्हीं दुसऱ्या वितास प्रथम बांबूची आड बांधली; तिनें ती दुसऱ्या दिवशीं दांतांनीं फोडून टाकली. नंतर दोन इंची लोखंडी नळी आणून जांभ्याच्या भिंतींत टोकें पुरून पक्की केली. खर्च एकदांच होतो आणि नळी पिढीभर टिकते.

मोठ्या कारखानी वाड्यांत यासाठीं लोखंडी पिंजरा वापरतात. त्यांत डुकरिणीस उठतां-बसतां येतें, पण वळतां येत नाहीं. पिल्लें कमी चिरडतात ही गोष्ट खरी. तथापि विण्याआधीं घरटें करण्याची जी तिची उपजत ओढ आहे, ती पिंजऱ्यांत कोंडली जाते आणि जनावर अस्वस्थ होतें. स्वीडन, नॉर्वे व स्वित्झर्लंड या देशांत असा पिंजरा सर्रास वापरण्यास कायद्यानेंच मनाई आहे. एक-दोन डुकरिणी पाळणाऱ्या घरास त्याची कांहीं जरूर नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. आड, उबेचा कोपरा आणि पहिल्या रात्रीं जागणारें माणूस एवढ्यानें काम भागतें.

उबेचा कोपरा म्हणजे काय तें सांगतों. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर केंस विरळ असतात व कातडीखालीं चरबी जवळजवळ नसते. पहिले दोन-तीन दिवस त्यास ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. आईस मात्र १८ ते २२ अंश बरे वाटतात; त्याहून फार उष्मा झाला कीं ती धापा टाकते, खात नाहीं आणि दूध कमी करते. एकाच खोलींत दोन ऋतु निर्माण करावयाचे, असा हा पेंच आहे. तो सोडविण्यासाठीं खोलीच्या एका कोपऱ्यांत तीन-चार फूट लांब व दोन-अडीच फूट रुंद जागा फळ्यांनीं तोडून घ्यावी. फळीखालीं पिल्लूं सहज जाईल पण आईचें तोंड शिरणार नाहीं एवढी फट ठेवावी, वरून गोणपाट टाकावें आणि आंत उष्णतेचा दिवा साखळीनें टांगावा. सुतळीनें टांगूं नये. सुतळी जळून दिवा पेंढ्यावर पडला तर काय होईल तें सांगणें नको. दिवा किती उंच असावा याचें उत्तर पिल्लेंच देतात. एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून निजलीं तर त्यांस थंडी वाजते. दिव्यापासून दूर, भिंतीकडे तोंड करून पांगलीं तर फार ऊन लागतें. शेजारीं शेजारीं हातपाय पसरून निजलीं म्हणजे बरोबर. आमच्याकडे पावसाळ्यांत तारेवर माड आडवा झाला कीं वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून कढत पाण्यानें भरलेल्या व गोणपाटांत गुंडाळलेल्या बाटल्यांचीही व्यवस्था ठेवावी. दोन-तीन तासांनीं पाणी बदलावें लागतें.

अंथरुणास भाताचा पेंढा उत्तम, पण तो वीतभर लांबीचा तोडून घ्यावा. लांब पेंढ्यांत दुबळीं पिल्लें पाय अडकून पडतात. पेंढा फार जाडही नको. त्याखालीं पिल्लूं दिसत नाहीं, आणि जें आपणांस दिसत नाहीं तें आईलाही दिसत नाहीं.

विण्याच्या आठवडाभर आधीं डुकरिणीस या खोलींत आणावें, म्हणजे जागा तिच्या ओळखीची होते. आणतांना कोमट पाणी व साबण यांनीं तिला धुवावें; विशेषतः कास, सड व पोटाखालचा भाग. पिल्लूं जन्मल्यावर जें पहिलें तोंडांत घेतें तो सड असतो. त्याला चिकटलेली घाण दुधाच्या आधीं पोटांत जाते.

खुराकाविषयीं थोडकेंच सांगण्यासारखें आहे. गाभणपणीं रोज दोन-अडीच किलो खुराक पुरतो, शेवटच्या महिन्यांत त्यांत थोडी वाढ करावी. डुकरीण फार लठ्ठ झाली तर विण्यास वेळ लागतो आणि ती बसतेही जड. शेवटचे तीन-चार दिवस खुराक कमी करून त्यांत गव्हाचा कोंडा मिसळावा, म्हणजे पोट साफ राहतें. बद्धकोष्ठ झालेल्या डुकरिणीस विण्याचा त्रास होतो व मागाहून ताप येतो. पाणी मात्र अहोरात्र भरलेलें असावें. हॉटेलांतील उष्टें-खरकटें आणून घालण्याची जी रीत आहे तिच्याविषयीं एक इशारा देणें जरूर वाटतें. २०२० सालीं आसाम व अरुणाचल प्रदेशांत आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतांत पहिल्यानें आढळला. तो माणसास होत नाहीं, पण डुकरांचा कळपच्या कळप नेतो, आणि त्यावर औषध नाहीं. डुकराच्या मांसाचे तुकडे असलेलें खरकटें हा तो पसरण्याचा एक मोठा मार्ग आहे. खरकटें घालावयाचेंच असेल तर खळखळ उकळून घालावें, आणि या दिवसांत दुसऱ्याच्या डुकरांतून आलेल्या माणसास खोलींत घेऊं नये, मग तो पाहुणा असो कीं गिऱ्हाईक.

आतां खुणा. विण्याच्या तीन-चार दिवस आधीं योनीचा भाग सुजतो व कास भरूं लागते. शेवटच्या दिवशीं ती पेंढा तोंडांत धरून गोळा करते, पायांनीं उकरते, उठते, बसते, पुन्हा उठते; खाण्याकडे लक्ष नसतें. सर्वांत भरंवशाची खूण सडाची. सड हलकेच पिळला असतां दुधाचा थेंब आला तर ती चोवीस तासांच्या आंत विणार. धार सुटली तर रात्र उलटण्यापूर्वीं. ही खूण दिसल्यावर घरांतील एका माणसानें तेथून हलूं नये.

त्यानें जवळ काय ठेवावें? कोरडीं फडकीं, टिंक्चर आयोडीन, उकळलेला दोरा व कात्री, पेंढा घातलेली एक टोपली, बॅटरी आणि घड्याळ. यांत घड्याळ हास्यास्पद वाटेल, पण अडलेली डुकरीण त्यावरूनच ओळखतां येते. दोन पिल्लांमध्यें साधारणतः पंधरा-वीस मिनिटें जातात, कधीं अधिकही. सगळें वीत दोन ते पांच तासांत आटोपतें. पिल्लूं डोक्याकडून आलें काय किंवा मागच्या पायांकडून आलें काय, दोन्ही ठीक. परंतु ती कळा देत आहे आणि पाऊण तास उलटला तरी पिल्लूं बाहेर येत नाहीं, अशा वेळीं पशुवैद्यास बोलवावें. आपला हात आंत घालूं नये. पशुवैद्याचा गांव दूर असेल तर त्यास आदल्या दिवशींच सांगून ठेवावें. मध्यरात्रीं धाडलेल्या निरोपापेक्षां दिवसां दिलेल्या निरोपाचा उपयोग अधिक.

पिल्लूं बाहेर पडतांच नाकातोंडावरचा चिकटा पुसावा, अंग फडक्यानें चोळून कोरडें करावें, नाळ दोन इंचांवर बांधून कापावी व टोक आयोडिनांत बुडवावें. मग त्यास सडाला लावावें. पहिलटकरीण कधीं कधीं भेदरून स्वतःच्या पिल्लांस चावते. तसें दिसल्यास सर्व पिल्लें टोपलींत घालून उबेला ठेवावीं आणि वीत संपून ती शांत झाल्यावर एकेक करून तिच्या कुशीस द्यावीं. वार पडली म्हणजे उचलून खोल पुरावी, तिला खाऊं देऊं नये.

चिकाची गोष्ट गाईम्हशींच्या धन्यास सांगावयास नको. पण डुकराच्या पिल्लास त्याची गरज अधिकच कडक आहे. आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक शक्ति त्यास गर्भांत मिळत नाहीं, ती केवळ चिकांतून मिळते, आणि चोवीस तासांनंतर पिल्लाच्या आंतड्यांतून ती रक्तांत जाऊं शकत नाहीं. पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटांत चीक गेला पाहिजे. डुकरीण सुमारें तासातासानें पान्हा सोडते आणि तो पुरती अर्धी मिनिट सुद्धां टिकत नाहीं. दांडगीं पिल्लें पुढचे भरलेले सड धरतात व दुबळीं मागें राहतात. दोन-तीन दिवसांत ज्याचा त्याचा सड ठरून जातो आणि मग त्यांत फेरफार होत नाहीं. म्हणून दुबळ्या पिल्लांस पहिल्याच दिवशीं पुढच्या सडांवर धरावें आणि तेवढा वेळ दांडग्यांस उबेच्या कोपऱ्यांत कोंडून ठेवावें. चालू सडांहून पिल्लें अधिक असतील, आणि शेजारीं त्याच दोन दिवसांत व्यालेली डुकरीण असेल, तर आईचा चीक पाजल्यावर जास्तीचीं पिल्लें तिला लावतां येतात.

व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं डुकरीण खाईनाशी झाली, कास दगडासारखी लागली, किंवा पिल्लें सारखीं ओरडूं लागलीं, तर ताप पहावा. ३९.५ अंशांवर पारा गेल्यास उशीर करूं नये. तिचें दूध एक दिवस आटलें तर सगळें वीत जातें.

तिसऱ्या दिवशीं लोहाचें इंजेक्शन. पिल्लूं जन्मतः फार थोडें लोह घेऊन येतें. त्यास रोज सुमारें सात मिलिग्रॅम लागतें व आईच्या दुधांतून जेमतेम एक मिळतें. चिरेबंदी किंवा सिमेंटच्या भुईवर तें पांढरें पडतें, धापा टाकतें व तिसऱ्या आठवड्यापर्यंत मरतें. पूर्वीं परसांतल्या मोकळ्या डुकरांस हा रोग होत नसे, कारण पिल्लें माती उकरून खात, आणि आमच्या तांबड्या मातींत लोह भरपूर. आजही जेथें डुकरें कधीं फिरलीं नाहींत अशा जागेची स्वच्छ तांबडी माती खोलींत ठेवणें चांगलें. पण तीवर विसंबूं नये. २०० मिलिग्रॅम लोहाचें एक इंजेक्शन पिल्लाच्या किमतीच्या मानानें कांहींच नाहीं.

आमच्या दुसऱ्या वितास दहा पिल्लें झालीं. एक अर्ध्या किलोहून थोडें अधिक भरलें. तें दूध ओढूं शकलें नाहीं व सकाळपर्यंत गेलें. दुसरें तिसऱ्या रात्रीं चिरडलें, आणि तें खोलीच्या मधोमध, जेथें आड पोंचत नाहीं. त्या रात्रीं आम्ही निजलों होतों. आठ जगलीं. दोन महिन्यांचीं झाल्यावर सात विकलीं आणि एक मादी घरीं ठेवली, कारण तिच्या सडांची मोजणी चौदा भरली.